साइट नुसती फिरते, उघडत नाही : पत्त्याचा घोळ शोधायचा कसा

आधी लक्षणं. यातलं एक जरी तुमच्या साइटला लागू होत असेल तर पुढचं वाचा.

– क्रोमवर 'टू मेनी रीडायरेक्ट्स' असा एरर येतो. फायरफॉक्स म्हणतो, पान नीट रीडायरेक्ट होत नाही.
– तुमच्या मोबाइलवर साइट उघडत नाही, शेजारच्या दुकानात उघडते. किंवा उलट.
– ट्रिपल डब्ल्यू लावून टाकलं तर साइट दिसते, न लावता टाकलं तर होस्टिंगचं कोरं पान किंवा भलत्याचीच साइट.
– एखाद्या लिंकवर क्लिक केलं की पत्त्यात मध्येच ८०८० असा आकडा किंवा 'लोकलहोस्ट' दिसतं आणि पुढे काही उघडत नाही.
– पान येतं, पण फोटो गायब, रंगरूप गायब, नुसती अक्षरं.
– गिऱ्हाईक ऑर्डरचा फॉर्म भरतं, सबमिट करतं, आणि तुमच्याकडे काहीच पोचत नाही.
– गुगलवर तुमचं एकच पान दोन वेगळ्या पत्त्यांनी दिसतं.

मी कोल्हापुरात, राजारामपुरीत बसून इथल्या दुकानांच्या साइट सांभाळते. महिन्यातून दोन-तीनदा तरी यातलीच एखादी तक्रार घेऊन फोन येतो. "ताई, साइट नुसती फिरतीया, उघडंना झालीया. जरा बघा की." चपलेचं दुकान असो, गुळाची पेढी असो नाहीतर उद्यमनगरातलं वर्कशॉप, तपासत गेलं की शेवटी बहुतेक वेळा तेच सापडतं : पानाचा खरा पत्ता सांगणारे दोघे-तिघे झालेत आणि त्यांचं आपसात जुळत नाही.

हा पत्ता सांगण्याचा प्रकार काय असतो ते थोडक्यात सांगते, कारण ते कळलं की पुढची प्रत्येक पायरी का करायची ते आपोआप कळतं. आपण पत्ता टाकला की ब्राउझर सर्व्हरकडे, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या कॉम्प्युटरकडे जातो आणि सांगतो, अमुक नावाच्या साइटकडे आलोय, अमुक पान पाहिजे. नाव सांगावंच लागतं, कारण एकाच सर्व्हरवर शेकडो साइट असू शकतात, पेठेतल्या जुन्या वाड्यात दहा बिऱ्हाडं असावीत तशा. हे नाव ज्या ओळीतून जातं तिला 'होस्ट' हेडर म्हणतात. सर्व्हरला नाव ओळखीचं वाटलं नाही तर तो सहसा यादीतल्या पहिल्या बिऱ्हाडाचं दार उघडतो. भलत्याची साइट दिसते ती यामुळे.

मग सर्व्हर उत्तर देतो आणि उत्तराच्या पहिल्याच ओळीत एक आकडा असतो. २०० म्हणजे हे घ्या पान. ३०१ किंवा ३०८ म्हणजे पान कायमचं दुसरीकडे गेलंय. ३०२ किंवा ३०७ म्हणजे सध्यापुरतं दुसरीकडे आहे. या उत्तरांसोबत 'लोकेशन' नावाची ओळ येते आणि तिच्यात नवा पत्ता असतो. ब्राउझर काही न विचारता तिकडे जातो. या धाडण्यालाच रीडायरेक्ट म्हणतात. तिथून परत दुसरीकडे धाडलं तर तिकडेही जातो. महाद्वार रोडवर कुणी बिनखांबी गणेशाकडे बोट दाखवावं आणि तिथल्याने पुन्हा महाद्वार रोडला पाठवावं, तसं झालं की ब्राउझर वीस हेलपाटे घालतो आणि हात टेकतो. क्रोम आणि फायरफॉक्स, दोघांचीही मर्यादा वीसच आहे.

आता तपासणी. सोपं आणि फुकटचं आधी. क्रम मोडू नका, कारण वरच्या पायऱ्यांवर काही बिघडत नाही आणि खालच्यांवर बिघडू शकतं.

पहिलं : दुसरा मोबाइल, दुसरी विंडो

इनकॉग्निटो विंडोत साइट उघडा. मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर उघडा. मग दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर. पाच मिनिटांचं काम आहे.

हे का करायचं? ३०१ हे 'कायमचं' उत्तर असतं आणि ब्राउझर ते खरोखर कायमचं धरून ठेवू शकतो. एकदा ३०१ मिळालं की पुढच्या वेळी तो सर्व्हरला विचारायलाच जात नाही, आपल्या आठवणीतूनच नव्या पत्त्यावर जातो. तुम्ही सर्व्हरवर चूक दुरुस्त केलीत तरी त्या मोबाइलला त्याचा पत्ता नसतो.

महाद्वार रोडवरच्या एका चपलांच्या दुकानाचं असंच झालं होतं. साइटचं नाव बदललं होतं, मधे एक दिवस चुकीचा रीडायरेक्ट लागला होता, तो मी संध्याकाळी काढला. गावभर साइट नीट चालत होती, फक्त मालकांच्या मोबाइलवर नाही, कारण त्या दिवशी सकाळपासून सगळ्यात जास्त वेळा त्यांनीच ती उघडून बघितली होती. मी दोन दिवस सर्व्हर तपासत राहिले. शेवटी दुकानात जाऊन त्यांच्या क्रोममधला त्या साइटचा साठवलेला डेटा पुसला आणि साइट उघडली. तेव्हापासून नवा रीडायरेक्ट मी आधी ३०२ म्हणून लावते. आठवडाभर सगळं नीट चाललं की मगच ३०१ करते. ही सवय तुम्हीही लावून घ्या. गिऱ्हाइकांचे मोबाइल आपल्या हातात नसतात.

इनकॉग्निटोत साइट चालली तर इथेच थांबा. साइट बरी आहे, त्या ब्राउझरची आठवण पुसली की झालं.

दुसरं : चार पत्ते, एक कागद

प्रत्येक साइटला किमान चार दारं असतात : साधं एचटीटीपी आणि कुलूपबंद एचटीटीपीएस, आणि या दोन्हींत ट्रिपल डब्ल्यू असलेलं आणि नसलेलं. चारही पत्ते हाताने पूर्ण टाइप करून बघा. कागदावर डावीकडे काय टाकलं ते लिहा, उजवीकडे शेवटी पत्त्याच्या पट्टीत काय उरलं ते लिहा. चारींच्या उजवीकडे तंतोतंत एकच पत्ता आला पाहिजे. मुखपृष्ठावर समाधान मानू नका. आतलं एखादं पानही बघा, शेवटी स्लॅश लावून आणि न लावता.

चारातला एकच पत्ता अडला तर शोध फार लहान होतो. एचटीटीपीएस आणि ट्रिपल डब्ल्यू एकत्र टाकल्यावर ब्राउझरने 'कनेक्शन सुरक्षित नाही' अशी सूचना दिली, तर रीडायरेक्ट तपासत बसू नका. सर्टिफिकेटमध्ये, म्हणजे साइटच्या ओळखीच्या डिजिटल दाखल्यात, ते नाव घातलेलं नाही. ब्राउझर आधी सर्टिफिकेट बघतो आणि त्याची खात्री पटली तरच सर्व्हरचं म्हणणं ऐकतो. त्यामुळे आत ३०१ कितीही अचूक लिहिला असला तरी तो त्याच्या कानावरच पडत नाही. सर्टिफिकेट नव्याने काढताना दोन्ही नावं द्या. लेट्स एन्क्रिप्टवर ते फुकट मिळतं.

तिसरं : हेलपाटे मोजा

कॉम्प्युटरवर क्रोम उघडा, एफ-१२ दाबा, 'नेटवर्क' टॅबवर जा आणि 'प्रिझर्व्ह लॉग' वर टिक करा. ही टिक विसरली तर आधीच्या काही नोंदी पुसल्या जाऊ शकतात. आता पत्ता टाका. डाव्या बाजूला एकाखाली एक ओळी येतील. प्रत्येकीवर क्लिक करून दोन गोष्टी लिहून घ्या : स्टेटसचा आकडा आणि 'लोकेशन' समोरचा पत्ता.

ज्यांना काळी खिडकी चालते त्यांनी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'कर्ल' वापरावं. कर्ल हा शब्द, मग जागा, मग आडवी रेघ आणि त्याला चिकटून मोठा आय, मग जागा आणि पूर्ण पत्ता. मला हीच पद्धत आवडते, कारण कर्लला आठवण नसते. प्रत्येक वेळी तो नव्याने सर्व्हरला विचारतो आणि सर्व्हर काय म्हणाला तेवढंच दाखवतो. एक एक हेलपाटा वेगळा बघता येतो.

आता कागदावरच्या साखळीचा आकार बघा. निदान इथेच होतं.

एचटीटीपीएसवरून पुन्हा त्याच एचटीटीपीएस पत्त्यावर पाठवलं जातंय? तर मधे कुणीतरी बसलंय आणि सर्व्हरला खरी परिस्थिती कळत नाही. पाचवी पायरी बघा. एकदा ट्रिपल डब्ल्यू लागतंय, एकदा निघतंय? तर दोन सेटिंग एकमेकांच्या विरुद्ध आहेत. बहुतेक चौथ्या पायरीवर सापडेल. स्लॅश लागतोय आणि निघतोय? तर सहावी. वर्तुळ नाही, पण तीन-चार हेलपाट्यांनी पान उघडतंय? तेही दुरुस्त करा. डोंगराकडच्या गावात, रेंज कमी असलेल्या मोबाइलवर प्रत्येक हेलपाट्याला वेळ जातो. कुठल्याही दारातून आलेला माणूस एकाच उडीत खऱ्या पत्त्यावर पोचला पाहिजे.

साखळीत '३०७ इंटर्नल रीडायरेक्ट' दिसलं तर ते सर्व्हरने पाठवलेलं नाही. बहुतेक वेळा या साइटवर कायम एचटीटीपीएसनेच जायचं असं सर्व्हरने पूर्वी बजावलेलं असतं आणि ब्राउझर ते पाळतोय. याला एचएसटीएस म्हणतात. त्याची मुदत सेकंदांत लिहितात. ३१५३६००० असा आकडा दिसला तर ते पूर्ण एक वर्ष आहे.

चौथं : साइटच्या सेटिंगमधले दोन रकाने

इथल्या बहुतेक दुकानांच्या साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर आहेत. सेटिंग्जमध्ये जनरलखाली दोन रकाने असतात : 'वर्डप्रेस ॲड्रेस' आणि 'साइट ॲड्रेस'. दोन्हींत तोच पत्ता हवा जो तुम्ही कागदावर खरा म्हणून ठरवलाय, एचटीटीपीएस आणि ट्रिपल डब्ल्यूसकट किंवा त्याशिवाय, पण अक्षर न अक्षर सारखा. वर्डप्रेस स्वतःहून गिऱ्हाइकाला या पत्त्याकडे ओढतं. इथे ट्रिपल डब्ल्यू असेल आणि होस्टिंगच्या पॅनेलमध्ये 'ट्रिपल डब्ल्यू काढा' असं लावलेलं असेल, तर वर्तुळ ठरलेलंच.

बदलण्याआधी सध्याच्या मजकुराचा फोटो काढून ठेवा. चुकीचा पत्ता सेव्ह झाला तर लॉगिनचं पानही तिकडेच पळतं आणि तुम्ही बाहेर अडकता.

रीडायरेक्टचे प्लगइनही, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम, इथेच बघा. मी एका साइटवर तीन प्लगइन एकत्र पाहिलेत, तिघांचं काम एकच, एचटीटीपीएसकडे नेणं. एक ठेवा, बाकीचे बंद करा.

पाचवं : मधला माणूस

सगळ्यात जास्त वर्तुळं मला इथे सापडलीत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्याकडे दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात. एका पेढीने त्या दिवसासाठी बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना साइटवरून नोंदणी करायला सांगितलं होतं. आदल्या रात्री साइटसमोर एक सीडीएन बसवला, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मधे बसून पानं भराभर वाटणारी सेवा. पाडव्याला सकाळी साडेसहाला फोन. साइट फिरतीया.

झालं होतं असं. गिऱ्हाईक सीडीएनपर्यंत एचटीटीपीएसने, कुलूपबंद येत होतं. पण सीडीएनचं सेटिंग 'फ्लेक्सिबल' होतं. या सेटिंगमध्ये सीडीएन तिथून पुढे सर्व्हरकडे साध्या एचटीटीपीने जातो. सर्व्हरला वाटायचं, हे गिऱ्हाईक उघड्या दाराने आलंय. त्याच्याकडे नियम लिहिलेला : उघड्या दाराने आलेल्याला एचटीटीपीएसकडे पाठवा. तो ३०१ द्यायचा. ब्राउझर पुन्हा एचटीटीपीएसने सीडीएनकडे, सीडीएन पुन्हा साध्या दाराने सर्व्हरकडे, सर्व्हर पुन्हा ३०१. सर्व्हर आपल्या जागी बरोबर, सीडीएन आपल्या जागी बरोबर, आणि गिऱ्हाईक मधल्या मधे फिरतंय.

उपाय : सर्व्हरवर सर्टिफिकेट बसवा आणि सीडीएनचं सेटिंग 'फुल', जमलं तर 'फुल स्ट्रिक्ट' करा, म्हणजे तो पुढेही एचटीटीपीएसनेच जाईल. काही जण सर्व्हरवरचा नियमच काढून टाकतात. वर्तुळ तुटतं, पण सीडीएन ते सर्व्हर हा रस्ता उघडाच राहतो आणि गिऱ्हाइकाचा फोन नंबर, पत्ता त्यावरून उघड्यावर जातो. मी ते करत नाही.

सर्टिफिकेट आहे आणि तरी वर्तुळ तुटत नाही, तर मधे बहुतेकदा आणखी एखादा प्रॉक्सी, म्हणजे सीडीएनसारखाच मधला निरोप्या, असतो. असे प्रॉक्सी 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' नावाच्या हेडरमधून सर्व्हरला कळवू शकतात की गिऱ्हाईक मुळात एचटीटीपीएसने आलं होतं. सर्व्हरने किंवा वर्डप्रेसने तो हेडर वाचला पाहिजे. पण तो आपल्याच प्रॉक्सीकडून आलेला असेल तरच मानायचा. बाहेरचा कुणीही तो खोटा पाठवू शकतो.

सहावं : सर्व्हरच्या फाइली

इथून पुढे बॅकअप घेतल्याशिवाय एक अक्षर बदलायचं नाही.

अपाची सर्व्हरवर 'एचटीॲक्सेस' नावाची फाइल असते. तिची प्रत काढून ठेवा आणि उघडा. वर्षानुवर्षं प्रत्येक तंत्रज्ञाने तिच्यात चार ओळी वाढवलेल्या असतात, जुन्या कुणी काढलेल्या नसतात. 'आर' असलेला प्रत्येक नियम कुणाला तरी कुठे तरी पाठवतो. नुसता आर असेल तर ३०२ जातो, ३०१ हवा असेल तर तसा लिहावा लागतो.

पत्त्यात ८०८० दिसणं हे स्लॅशचं प्रकरण असतं. 'गूळ' नावाचा फोल्डर आहे आणि गिऱ्हाइकाने शेवटच्या स्लॅशशिवाय पत्ता टाकला, तर सर्व्हर स्वतःहून स्लॅश लावून त्याला परत पाठवतो. तेव्हा तो पूर्ण पत्ता स्वतः रचतो, आणि रचताना स्वतःला जे नाव, जो पोर्ट (म्हणजे दाराचा आकडा) माहीत असतो तोच लिहितो. तो आत ८०८० वर बसलेला असतो, बाहेरच्या जगाला ते दार दिसतही नाही. एंजिनेक्स या दुसऱ्या प्रकारच्या सर्व्हरमध्ये पोर्ट लिहिणं किंवा पूर्ण पत्ता रचणंच बंद करता येतं. मग 'लोकेशन'मध्ये नुसता स्लॅशपासूनचा भाग जातो. तसा अर्धा पत्ता देणं २०१४ पासून नियमात बसतं आणि ब्राउझर तर तो आधीपासून समजून घेतात. अपाचीमध्ये 'सर्व्हरनेम' आणि 'यूज कॅनॉनिकल नेम' या दोन ओळी बघा. दुसरी चालू असेल तर पत्ता सर्व्हरनेमवरून रचला जातो, आणि सर्व्हरनेममध्ये कुणी 'लोकलहोस्ट', म्हणजे 'हाच कॉम्प्युटर', असं लिहून ठेवलं असेल तर गिऱ्हाइकाला तेच मिळतं.

मग सर्व्हर स्लॅशसाठी एवढा हट्ट का धरतो? पानात फोटोचा पत्ता 'फोटो, स्लॅश, कापशी' असा अर्धा लिहिला असेल, तर ब्राउझर तो पानाच्या शेवटच्या स्लॅशपासून मोजतो. 'चप्पल' या पत्त्यावर तो मुखपृष्ठाशेजारी शोधेल, 'चप्पल स्लॅश' या पत्त्यावर चप्पल फोल्डरच्या आत. एका स्लॅशने कापशी चपलांचे सगळे फोटो गायब होतात. स्लॅश ठीक असून रंगरूप गायब असेल, तर पान एचटीटीपीएसवर आणि आतल्या फाइलींचे पत्ते अजून जुन्या एचटीटीपीवर आहेत का बघा.

फॉर्म हरवण्याचं कारणही पत्त्यातच आहे. फॉर्मचा मजकूर ब्राउझर 'पोस्ट'ने पाठवतो. फॉर्ममध्ये जुना पत्ता लिहिलेला असेल आणि तिथे ३०१ किंवा ३०२ भेटला, तर ब्राउझर नव्या पत्त्यावर जातो खरा, पण साध्या 'गेट'ने, मजकूर मागेच टाकून. गिऱ्हाइकाला पान दिसतं, त्याला वाटतं ऑर्डर गेली. ३०७ आणि ३०८ मजकूर सोबत नेतात, त्यांची रचनाच त्यासाठी आहे. तरी माझं मत असं की फॉर्ममध्येच खरा पत्ता लिहा. मजकुराला वाटेत वळण कशाला द्यायचं?

गुगलच्या दुहेरी पत्त्यांबद्दल एवढंच : पानाच्या कोडच्या डोक्यात 'कॅनॉनिकल' नावाची लिंक असते, २००९ साली गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून आणलेली. ती सर्च इंजिनला खरा पत्ता सुचवते. गिऱ्हाइकाला ती कुठेही नेत नाही. रीडायरेक्ट एक पत्ता सांगतोय आणि कॅनॉनिकल दुसरा, असं असेल तर दोन्ही जुळवा.

आणि नाव बदललं असेल तर जुन्या डोमेनची मुदत संपू देऊ नका. गुळाच्या खोक्यांवर, चपलांच्या पिशव्यांवर तोच पत्ता छापलेला असतो आणि तो माल केव्हाच मुंबई-पुण्याला पोचलेला असतो.

कधी थांबायचं

बॅकअप नसेल तर सहावी पायरी करू नका, जाणकाराला बोलवा. डेटाबेसमध्ये जुना पत्ता शोधून नवा टाकायची वेळ आली तरीही थांबा. वर्डप्रेस काही मजकूर त्याच्या लांबीच्या आकड्यासकट साठवतं आणि नुसतं शोधा-बदला केलं की तो आकडा चुकतो, मांडणी मोडते. डीएनएसच्या, म्हणजे डोमेनचं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं ते सांगणाऱ्या नोंदी बदलायच्या असतील आणि त्याच डोमेनवर दुकानाची ईमेल असेल, तर एक चुकीची ओळ मेल बंद पाडते. ऑनलाइन पैसे घेणारी साइट असेल तर पेमेंट झाल्यावर परत येण्याचा पत्ता गेटवेकडे, म्हणजे पैसे वळते करणाऱ्या सेवेकडे, नोंदलेला असतो, तो हलवताना माहितगार हवाच. आणि एचएसटीएस कुणाच्या सांगण्यावरून चालू करू नका. त्यानंतर सर्टिफिकेट बिघडलं तर ती सूचना ओलांडून आत जायची सोयही गिऱ्हाइकाला उरत नाही, आणि वर्षाची मुदत दिली असेल तर ती त्याच्या मोबाइलमध्ये बसलेली असते.

ज्याला बोलवाल त्याला "साइट बंद आहे" एवढंच सांगू नका. चार पत्त्यांचा कागद, साखळीतला प्रत्येक आकडा आणि त्यासमोरचं लोकेशन, अलीकडे काय बदललं आणि कुठल्या दिवशी, हे द्या. माझ्याकडे असा कागद आला की बहुतेक वेळा पॅनेल उघडायच्या आधीच मला कळलेलं असतं की कुठे हात घालायचा. कागदाचा फोटो आधी पाठवा, मग फोन करा.